लिस्बनचं ताट: ताश्का, कॉफीघरं आणि गुत्ते आले कुठून

लिस्बनला निघालेल्या माणसाच्या हातात आजकाल एक ठरावीक यादी असते. बेलेंला जाऊन कस्टर्डची गरम पेस्ट्री खायची, रोसियू चौकाजवळ उभ्या उभ्या चेरीच्या दारूचा पेला घ्यायचा, शियादूत कवी पेसोआच्या पुतळ्याशेजारी कॉफी प्यायची, रात्री कोळंबी-खेकडे आणि बिअर, आणि जमलंच तर फादो, म्हणजे लिस्बनचं करुण गाणं, ऐकत जेवण. यादी चांगली आहे. पण यातल्या प्रत्येक जागेचा जन्म वेगळ्या घटनेतून झाला आहे. एकीमागे मठ बंद करणारा हुकूम आहे, दुसरीमागे भूकंप, तिसरीमागे पोटासाठी शहरात आलेले पाणके आणि हमाल, चौथीमागे हुकूमशाहीच्या काळातला परवाना. त्या घटना माहीत असल्या की कुठे काय मागावं आणि कुठे पैसे वाया घालवू नयेत, हे बरंचसं आपोआप कळतं. आणखी एक गोष्ट ध्यानात येते: या शहराला खाऊ घालणारे हात बहुतेक वेळा बाहेरून आलेले आहेत. त्यांत आपल्या किनाऱ्यावरचेही आहेत.

मुळात लिस्बन हे बंदर. तेजू नदी समुद्राला मिळते तिथे टेकड्यांवर वसलेलं. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सू एन्रिकेश याने ते मुसलमान राज्यकर्त्यांकडून जिंकलं आणि मागे राहिलेल्या मूर लोकांना तटाबाहेर, किल्ल्याच्या पायथ्याशी वस्ती करून राहायला लावलं. ती वस्ती म्हणजे मोरारिया. हे नाव लक्षात ठेवावं, पुढे पुन्हा तिथे यायचं आहे. १४९७ मध्ये वास्को द गामा बेलेंच्या किनाऱ्यावरून निघाला आणि पुढच्याच वर्षी कालिकतला पोचला. त्यानंतर मिरी, दालचिनी, लवंग या मालाने लिस्बनचं नशीब पालटलं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बेलेंला जेरोनिमुश मठ बांधायला घेतला, त्याचा खर्च आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून भागवला गेला. आज तिथली पेस्ट्री खाताना लोक वरून दालचिनीची पूड भुरभुरतात, तेव्हा तो मसाला आणि तो मठ एकाच व्यापाराची अपत्यं आहेत हे आठवावं. त्याच व्यापाराची दुसरी बाजूही आहे. मदेरा आणि ब्राझीलमधली साखर गुलामांच्या श्रमावर पिकत होती, आणि सोळाव्या शतकातल्या लिस्बनमध्ये सुमारे दहातला एक माणूस गुलाम होता. रस्त्यावर पाणी आणि शिजवलेलं अन्न विकणाऱ्यांत आफ्रिकी बायका होत्या. शहराची पहिली ‘बाहेर खाण्याची’ सोय त्यांनी केलेली, पण त्यांच्या नावाची पाटी कुठल्याच दुकानावर नाही.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, चर्चमध्ये गर्दी, वेदीवर मेणबत्त्या. सकाळी भूकंप झाला, मागोमाग समुद्र आत घुसला आणि मग शहर कित्येक दिवस जळत राहिलं. राजाचा मंत्री, पुढे मार्केस द पोंबाल म्हणून ओळखला गेलेला, याने नदीकाठचा सखल भाग सरळ रेषांत, चौकोनी आखणीने पुन्हा उभा केला. आज ज्याला बायशा म्हणतात तो हा भाग. राजवाड्याच्या जागी भव्य चौक आला, त्याच्या तीन बाजूंना कमानी. या कमानींखाली १७८२ मध्ये एक दुकान थाटात सुरू झालं: बर्फाचं. राजदरबाराला बर्फ पुरवणारा ठेकेदार मध्य पोर्तुगालमधल्या लोझां डोंगरातून तो आणवत असे. हिवाळ्यात पडलेला हिम डोंगरावरच्या खोल विहिरींत दाबून ठेवायचा, उन्हाळ्यात तो कापून गवतात गुंडाळायचा, बैलगाडीने नदीपर्यंत आणि तिथून होडीने लिस्बनला. बराचसा वाटेत वितळायचा. उरलेल्यातून सरबतं आणि आइस्क्रीम व्हायचं. हेच दुकान पुढे ‘मार्तिन्यू द आर्काद’ झालं आणि आजही तिथेच आहे. फेर्नांदो पेसोआ आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत इथे बसून लिहायचा. त्याचं टेबल राखून ठेवलं आहे. आतल्या भागात जेवण महाग पडतं. काउंटरशी उभं राहून कॉफी घेतली तरी जागेचा अनुभव पुरेपूर मिळतो.

नव्या शहरात चौक आले, चौकात बोतेकीं म्हणजे छोटी पेयगृहं आली, आणि पेयगृहांत चर्चा आली. फ्रान्समधल्या क्रांतीच्या बातम्या लिस्बनला इथेच मोठ्याने वाचल्या जात, म्हणून पोलीसप्रमुख पीना मनीक याचे हेर तिथे बसलेले असत. रोसियूवरच्या निकोला या पेयगृहात कवी बोकाजचा अड्डा होता. हा बोकाज आपल्यासाठी परका नाही. १७८६ मध्ये आरमारी अधिकारी म्हणून तो गोव्यात उतरला. १७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचं बंड झालं, तेव्हा तो तिथेच होता. गोव्यातल्या उमरावांच्या पोकळ डौलावर त्याने बोचरी सुनितं लिहिली, १७८९ मध्ये त्याची दमणला बदली झाली आणि तिथून तो थोड्याच दिवसांत पळाला. मकावमार्गे १७९० मध्ये लिस्बनला परतला आणि निकोलात बसू लागला. एका रात्री पहारेकऱ्याने पिस्तूल रोखून त्याला विचारलं, कोण तू, कुठून आलास, कुठे चाललास? तेव्हा त्याने जागच्या जागी पद्यात उत्तर दिलं: मी कवी बोकाज, निकोलातून येतो आहे, आणि तू चाप ओढलास तर परलोकी चाललो आहे. हा किस्सा पोर्तुगालमध्ये शाळकरी पोरांनाही पाठ असतो. १७९७ मध्ये त्याला खरोखरच अटक झाली. आजचं निकोला १९२९ मधलं आहे, जुनं पेयगृह केव्हाच गेलं. पण आत बोकाजचा पुतळा उभा आहे, आणि गोव्याची धूळ पायांना लागलेला हा माणूस तिथे भेटतो याचं मला फार अप्रूप वाटतं.

यानंतरचा मोठा धक्का १८३४ चा. यादवी युद्धात उदारमतवादी पक्ष जिंकला आणि त्या वर्षी मे महिन्यात पुरुषांचे सगळे धार्मिक मठ बंद करण्याचा, त्यांची मालमत्ता सरकारजमा करण्याचा हुकूम निघाला. हुकमावर सही करणाऱ्या मंत्र्याला लोकांनी ‘भिक्षूमाऱ्या’ असं नाव ठेवलं. खाण्याच्या इतिहासात मात्र याच हुकमाने दारं उघडली. मठांत अंड्यांचा पांढरा बलक कपड्यांना खळ करायला आणि वाइन निवळायला खपत असे, मग पिवळ्या बलकाचं करायचं काय? त्यात साखर घालून पोर्तुगालच्या मठांनी मिठायांचा एक अख्खा संप्रदाय उभा केला. मठ बंद पडल्यावर त्या मिठाया बाजारात आल्या. बेलेंला साखरेच्या कारखान्याला लागून एक छोटं दुकान होतं, तिथे जेरोनिमुश मठातली पेस्ट्री विकायला लागली आणि १८३७ पासून ती रीतसर तिथे बनू लागली. बेलें तेव्हा लिस्बनपासून दूर होतं, पण मठ आणि नदीकाठचा बेलेंचा मनोरा पाहायला लोक वाफेच्या बोटीने येत, आणि येताना-जाताना हे खात. कृती आजही गुप्त आहे. मोजक्या कारागिरांनाच ती ठाऊक असते आणि मिश्रण बंद खोलीत तयार होतं. ‘पास्तेल द बेलें’ हे नाव याच दुकानाचं. बाकी शहरभर मिळतं ते ‘पास्तेल द नाता’, आणि तेही अनेक ठिकाणी उत्तम असतं. बेलेंच्या दुकानाबाहेरची रांग पाहून घाबरू नये, ती बांधून नेणाऱ्यांची असते. आत निळ्या फरशांच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, तिथे बसायला जागा मिळते.

आपल्याकडच्या गोव्यातली बिबिंका याच कुळातली. पिवळा बलक, साखर, वर नारळाचं दूध. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या बिबियाना नावाच्या जोगिणीने ती पहिल्यांदा केली अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, मठ, बलक आणि साखर हे गणित दोन्हीकडे एकच आहे.

भिक्षूंच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या वास्तूही कामाला आल्या. त्रिंदादच्या मठात १८३६ मध्ये बिअरचा कारखाना सुरू झाला आणि मग तिथेच बिअरगृह. भिंतींवर १८६३ च्या सुमारास रंगवलेल्या फरशा आहेत, त्यांवरच्या बायका म्हणजे ऋतू आणि पंचमहाभूतांसारखी तत्त्वं. भिक्षूंच्या भोजनगृहात बसून बिअर पिण्याची सोय शहराला अशी मिळाली. तो कारखाना काढणारा माणूस गालिसियाचा होता.

इथे थांबायला हवं, कारण लिस्बनच्या खाण्यापिण्याचा खरा कणा हे गालिसियाचे लोक आहेत आणि प्रवासवर्णनांत त्यांना एक ओळही मिळत नाही. गालिसिया हा स्पेनचा वायव्य कोपरा. भाषा पोर्तुगीजला जवळची, जमीन तुकड्या-तुकड्यांत वाटलेली, घरात माणसं जास्त. अठराव्या शतकापासून तिथले तरुण पायी लिस्बनला येऊ लागले. १७४८ मध्ये आगुआश लिव्रेश जलसेतूचं पाणी शहरात आलं, ते सार्वजनिक कारंज्यांपर्यंतच. कारंज्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत ते चढवायचं कुणी? गालिसियाचे पाणके खांद्यावर लाकडी पिंप घेऊन ते चढवत. कुठल्या कारंज्यावर कुणी भरायचं हे ठरलेलं होतं, आणि कुठे आग लागली तर पिंपं घेऊन धावणं त्यांना बंधनकारक होतं. १८८० मध्ये अल्व्हिएला नदीचं पाणी यंत्राने शहरात खेळू लागलं, नळ घरात गेले आणि पाणक्यांचं काम हळूहळू संपलं. तोवर बऱ्याच जणांनी साठवलेल्या पैशांतून छोटी दुकानं काढली होती: एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला पिंपातली वाइन. कोळसा घ्यायला आलेला माणूस एक पेला घेई, पेल्याबरोबर काहीतरी चघळायला मागे. मागच्या शेगडीवर मालकीण ते करून देई. लिस्बनची ताश्का, म्हणजे गल्लीतली साधी खानावळ, बऱ्याच अंशी या कोळशाच्या वखारींतून वाढली.

ताश्काचं जेवण हे कष्टकऱ्याचं जेवण आहे आणि ते तसंच खाल्लं पाहिजे. कागदाचं टेबलक्लॉथ, हाताने लिहिलेला त्या दिवसाचा फलक, दुपारी साडेबारानंतर भरणारी आणि अडीचला रिकामी होणारी खोली. ‘प्रातू दू दिया’ म्हणजे आजची थाळी मागावी, कारण तीच ताजी असते. ‘मेया दोझ’ म्हणजे अर्धी प्लेट, जी एका माणसाला पुरून उरते. यकृताचे पातळ काप वाइन, लसूण आणि तमालपत्रात मुरवून तव्यावर टाकलेले, बाजूला उकडलेले बटाटे: हे ‘इश्काश’ जुन्या ताश्कांचं खास. पावात घातलेली ‘बिफाना’ म्हणजे लसूण आणि पांढऱ्या वाइनमध्ये शिजलेलं डुकराचं मांस. ही वाइन-लसणाची जोडी गोव्यात आली, वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं, ब्राझीलहून आणलेली मिरची पडली आणि विंदालू झालं. वसई-मुंबईच्या मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन घरांत त्यालाच इंदियाल म्हणतात. बिफाना खाताना त्या चवीचा मूळ धागा जिभेला लागतो, फक्त मिरची लागत नाही.

बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येऊन पडतं. आपल्या थाळीतल्या लोणच्या-पापडासारखं ते फुकट नसतं. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर नम्रपणे परत पाठवावं. न मागितलेल्या आणि हातही न लावलेल्या पदार्थाचे पैसे घेता येत नाहीत, असा तिथला कायदाच आहे.

रोसियूजवळ साऊं दोमिंगूश चर्चसमोरचं जिंजिन्याचं, म्हणजे चेरीच्या दारूचं, टपरीवजा दुकान १८४० पासूनचं, तेही एका गालिसियनने काढलेलं. एश्पिन्येरा त्याचं नाव. आंबट चेरी दारूत मुरवायची, साखर आणि दालचिनी घालायची, ही युक्ती त्याला एका भिक्षूने सांगितली असं म्हणतात. आत बसायला जागा नाही, एक काउंटर आणि चिकट झालेली फरशी. ‘कों एलश’ म्हटलं तर पेल्यात चेऱ्या पडतात, ‘सें एलश’ म्हटलं तर नुसतं पेय. बी बाहेर येऊन थुंकायची रीत आहे. पेला एक युरो-दोन युरोंच्या घरातला. सकाळी नऊलाही तिथे म्हातारी माणसं उभी दिसतात. ‘रामिरो’ हे आज जगभर गाजलेलं सागरी खाण्याचं ठिकाण, तेही १९५६ मध्ये गालिसियन माणसाच्या हातूनच उभं राहिलं. खेकडे, कोळंबी, शिंपल्या संपल्यावर तिथे शेवट गोडाने होत नाही, पावात घातलेल्या गोमांसाच्या कापाने होतो. लिस्बनकर त्याला हसत नाहीत, मनापासून मागवतात.

बिअरची गोष्ट थोडक्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात ‘जर्मानिया’ नावाचा कारखाना होता. १९१६ मध्ये जर्मनीने पोर्तुगालशी युद्ध पुकारल्यावर त्याचं नाव एका रात्रीत ‘पोर्तुगालिया’ झालं आणि १९२५ मध्ये त्याला जोडून बिअरगृह निघालं. लिस्बनमध्ये बिअरचा छोटा ग्लास मागायचा तर ‘इंपेरियाल’ म्हणायचं.

कॉफीघरांचा मोठा काळ १९०५ नंतरचा. त्या वर्षी शियादूत ‘ब्राझिलेरा’ उघडलं. मालक ब्राझीलमध्ये राहून आलेला होता आणि तिथली कॉफी लिस्बनला खपवायची होती. तेव्हा लोकांना ती कडू लागे, म्हणून दुकानात कॉफीची पूड विकत घेणाऱ्याला एक कप फुकट मिळे. त्या फुकट कपाने गिऱ्हाईक थांबू लागलं, आणि थांबलेल्यांत कवी, चित्रकार, पत्रकार होते. १९१५ मध्ये ‘ऑर्फेउ’ नावाच्या नियतकालिकाने पोर्तुगीज साहित्यात खळबळ उडवली, त्या पेसोआ आणि आल्मादा नेग्रेरूश यांच्या पिढीचा हा अड्डा. बाहेरचा पेसोआचा कांस्यपुतळा १९८८ मधला. बाहेरच्या खुर्चीवर बसलात तर कॉफी महाग, आत काउंटरवर स्वस्त. हा नियम लिस्बनमधल्या बहुतेक कॉफीघरांना लागू आहे. एस्प्रेसोला इथे ‘बिका’ म्हणतात, आणि ती काळीकुट्ट, जाड असते. अंगोलासारख्या आफ्रिकी वसाहतींतून आलेल्या कडक रोबुस्ता कॉफीची सवय शहराच्या जिभेवर बसली आहे.

१९२६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, १९३३ पासून हुकूमशहा सालाझारची ‘नवी राजवट’ रीतसर सुरू झाली. खाण्यापिण्यावर या राजवटीचा हात जितका पडला तितका भूकंपाचाही पडला नसेल. १९२७ च्या एका कायद्याने गायकांना परवाना आवश्यक झाला आणि गाण्यांचे शब्द आधी तपासून घ्यावे लागू लागले. त्याआधी फादो गुत्त्यात, वेश्यावस्तीत, बोटींवर कुणीही गायचं. आता फादो परवाना असलेल्या जागेत, पोशाखात, जेवणाबरोबर गायला जाऊ लागला. बाइरू आल्तू या टेकडीवरच्या जुन्या वस्तीतली फादोघरं त्यातून वाढली. म्हणून तिथे जेवण महाग आणि गाणं सुरू झाल्यावर वाढप थांबतं. बोलणं बंद ठेवायचं हा जुना, चांगला नियम मात्र गुत्त्यातला आहे.

बाकाल्याउ म्हणजे खारवून सुकवलेला कॉड. तो पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ सापडतच नाही. सोळाव्या शतकापासून तो न्यूफाउंडलंडकडून येत होता आणि उपवासाच्या दिवसांत मांसाऐवजी चालत होता, पण एकोणिसाव्या शतकाअखेर बहुतेक परदेशातून विकत घ्यावा लागे. १९३४ पासून राजवटीने स्वतःचा ताफा उभा करायला घेतला. शिडांची पांढरी जहाजं ग्रीनलंडपर्यंत जात, तिथे एकेक माणूस एकेका छोट्या होडीत बसून धुक्यात हाताने गळ टाकत असे. किती जण परतले नाहीत याची यादी त्या किनाऱ्यावरच्या गावांत आहे. ही पद्धत १९७४ पर्यंत चालली. आज लिस्बनच्या आर्सेनाल रस्त्यावर फळीसारखे कडक मासे रचून ठेवलेले दिसतात आणि वास लांबून येतो. घरी नेऊन एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवायचा. खायचा असेल तर ‘बाकाल्याउ आ ब्राश’ मागावा: तंतू सुटे केलेला मासा, काडीसारखे तळलेले बटाटे आणि ओलसर ठेवलेली अंडी. तो बाइरू आल्तूतल्या ब्राश नावाच्या गुत्तेवाल्याने शोधला असं मानतात. त्याच काळात वाइनचं पीकही जास्त झालं होतं, तेव्हा सरकारी फलकांवर घोषणा होती की वाइन पिणं म्हणजे दहा लाख पोर्तुगीजांना भाकरी देणं.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला आणि हिटलरपासून पळालेले हजारो निर्वासित अमेरिकेच्या बोटीची वाट पाहत रोसियूच्या कॉफीघरांत बसू लागले. त्यांच्या बायका एकट्या येत, सिगारेट ओढत, पदपथावर मांडलेल्या खुर्च्यांवर बसत. तोवर लिस्बनची कॉफीघरं पुरुषांची होती. ही सवय मोडली ती या परक्या बायकांमुळे. आणि मग १० मे १९५८. रोसियूवरच्या ‘शाव्ह द ओरू’ या कॉफीघरात विरोधी उमेदवार जनरल उंबेर्तू देल्गादूला पत्रकाराने विचारलं, निवडून आलात तर सालाझारचं काय करणार? तो म्हणाला, उघड आहे, मी त्याला काढून टाकेन. हे वाक्य देशभर पसरलं. निवडणूक त्याच्या हाती लागू दिली नाही आणि १९६५ मध्ये गुप्त पोलिसांनी त्याचा खून केला. ते कॉफीघर पुढे बँकेला गेलं. लिस्बनच्या मोठ्या कॉफीघरांपैकी कितीतरी जागा अशाच बँकांनी घेतल्या.

२५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने राजवट संपली, आणि वर्ष-दीड वर्षात मोझांबिक आणि अंगोला स्वतंत्र झाले. नव्वद लाख वस्तीच्या देशात पाच लाखांहून अधिक माणसं आफ्रिकेतून परतली किंवा पहिल्यांदाच आली. त्यांत गोंयकार होते, दीव-दमणकडचे गुजराती हिंदू होते, इस्माइली मुसलमान होते. गोव्याची माणसं लिस्बनमध्ये आधीही होती, वकील, डॉक्टर, लेखक, प्राध्यापक म्हणून. १९६१ मध्ये गोवा भारतात आल्यानंतर आणखी काही आली. पण खानावळी चालवणारी, समोसे तळणारी पिढी मुख्यतः मोझांबिकमार्गे आली.

त्याचा पुरावा कुठल्याही पास्तेलरियाच्या, म्हणजे पेस्ट्रीच्या दुकानाच्या, काचेआड आहे. सकाळी अकराला जा. वरच्या फळीवर पास्तेल द नाता, खालच्या फळीवर तळलेले पदार्थ: बाकाल्याउच्या लांबट वड्या, कोळंबीचे अर्धगोल रिसोइश, मांसाची क्रोकेत, आणि त्यांच्या रांगेत, त्यांच्यासारखाच वाटणारा, तपकिरी, कुरकुरीत त्रिकोण. शामुसा. पातळ पापुद्रा, आत खिमा, कांदा, हळद आणि थोडी मिरची. मागणारा आजोबा तो बिअरबरोबर घेतो आणि तो भारतातून आला याचा विचारही करत नाही. पदार्थ शहराचा झाला तो असा. गोव्याच्या खानावळींत शाकुती, सारापातेल, बालशांव, कोळंबीचं ‘कारील’ मिळतं. चव मडगावच्या घरापेक्षा सौम्य असते, नारळ मात्र हात राखून नसतो. यांपैकी काही मोरारियाच्या उतारांवर आहेत, जिथे साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी मूरांना वसवलं होतं. शेजारी मोझांबिकची कोंबडी आणि खेकड्याचं कालवण, पलीकडे बेन्फोर्मोझू रस्त्यावर बांगलादेशी बिर्याणी. केप व्हर्डच्या लोकांची मका-घेवड्याची ‘काशुपा’ही शहरात मिळते. माझ्या मते लिस्बनमधलं सर्वांत जिवंत खाणं सध्या याच भागात आहे.

शाकाहारी माणसाने ताश्कात जरा विचारून खावं. ‘काल्दू व्हेर्द’ हे कोबीवर्गीय हिरव्या पानांचं सूप निरुपद्रवी दिसतं, पण त्यात सॉसेजचा काप असतो. शहराच्या उत्तरेला हिंदू समाजाच्या राधाकृष्ण मंदिरात शाकाहारी जेवणघर आहे, तिथे पोर्तुगीज लोकही रांगेत दिसतात.

२०१२ मध्ये कर्जसंकटाच्या काळात भाड्याचा कायदा बदलला. वर्षानुवर्षं गोठलेली भाडी मोकळी झाली, त्याच सुमारास पर्यटन वाढलं, आणि गल्लीतल्या ताश्कांच्या जागी हॉटेलं आणि सगळीकडे सारख्याच चवीची दुकानं येऊ लागली. रोसियूवरची ‘पास्तेलरिया सुइसा’, जिथे युद्धकाळातले निर्वासित बसत, २०१८ मध्ये बंद झाली. नगरपालिकेने २०१५ मध्ये ‘इतिहास असलेली दुकानं’ अशी योजना काढली, २०१७ मध्ये देशाचा कायदाही आला, अशा दुकानांना भाडेवाढीपासून काही वर्षं संरक्षण मिळालं. मोठ्या, नावाजलेल्या घरांना त्याचा उपयोग झाला. नाव नसलेल्या ताश्काला, जिथे मालक सत्तरीला आला आहे आणि मुलं दुसऱ्या नोकरीत आहेत, कायदा कितीसा पुरणार? रिबेराच्या जुन्या मंडईत २०१४ पासून नामवंत शेफांचे काउंटर एकत्र मांडले आहेत. पावसाळी संध्याकाळी सोयीचं आहे, पण तिथे बसून लिस्बन कळत नाही. त्याच इमारतीच्या दुसऱ्या भागात सकाळी मासळी आणि भाजीचा खरा बाजार भरतो, तो आधी पाहावा.

ताश्का टिकत आहेत तिथे त्या नव्या माणसांच्या जिवावर टिकत आहेत. आज लिस्बनच्या कितीतरी खानावळींच्या भटारखान्यांत नेपाळी आणि बांगलादेशी तरुण बाकाल्याउ भिजवतात, इश्काश मुरवतात, काउंटरवर बिका काढतात. गालिसियाच्या पाणक्यांप्रमाणे तेही एका खोलीत अनेक जण राहतात आणि गावी पैसे धाडतात. त्यांच्यातल्या काहींनी स्वतःची दुकानं घ्यायला सुरुवातही केली आहे, आणि त्यांच्या फलकावर बिफाना आणि मोमो एकाखाली एक लिहिलेले आहेत.